खंडेनवमीला धुतलेला बोर्ड

माझं भूमला ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. तीस वर्षं झाली. तीस वर्षांत मी गिऱ्हाइकाचं कधी ऐकलं नाही आणि त्याचा मला मोठा ताठा होता. कुणी म्हणालं, "मिस्त्री, आवाज क्लचचा वाटतोय," की मी म्हणायचो, "ट्रॅक्टर तुमचा असंल, कान माझा हाय. तुम्ही तिकडं बाकड्यावर बसा." बहुतेक वेळा माझंच खरं निघायचं, म्हणून लोक हसून सोडून द्यायचे. घरातही तेच. मला कुणी काही शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं, हे बायकोला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं. या स्वभावानं मी माझ्या पोरीचं काय केलं ते आता लिहितोय. तोंडानं सांगायचं होतं तेव्हा सांगितलं नाही.

पोरगी एकुलती एक. ट्रॉलीखाली, जीपखाली सरकायला मी गॅरेजात एक फळी केली होती. खाली जुन्या बेअरिंगची चार चाकं, वर रेक्झिनचा तुकडा. तिच्यावर उताणं पडायचं आणि पायानं रेटत आत जायचं. पोरगी सात वर्षांची झाली तशी ती फळी मला जागेवर सापडेना. ही बया तिच्यावर उभी राहून गॅरेजच्या उतारावरनं थेट रस्त्यापर्यंत जायची. मी हातात पाना घेऊन मागं धावायचो, "अगं ए, गाडीखाली जाशील!" म्हणून ओरडायचो, आणि ती वळून हसायची. पुढं एका पाहुण्यानं पुण्याहून खरा स्केटबोर्ड आणून दिला, मग तर ती घरात टिकेनाच. बाजार समितीच्या आवारात लिलावाचा सिमेंटचा मोठा ओटा आहे. हंगाम नसला की तो रिकामा असतो. तिथं ती चार-चार तास पडायची, उठायची, परत पडायची. येणारे-जाणारे मला विचारायचे, "मिस्त्री, पोरीला घसरायचं शिक्षण देताय व्हय?" मी म्हणायचो, "तुमची पोरं न शिकताच घसरलीत, त्यांचं बघा."

शेजारच्या मोबाईलवाल्यानं तिचा व्हिडिओ काढून टाकला. तो फिरत फिरत पुण्याच्या एका कोचनी पाहिला आणि ते स्वतः एसटीनं भूमला आले. साधा माणूस. ओट्यावर तिला अर्धा तास पाहिलं आणि मला म्हणाले, "काका, हिला माझ्याकडं द्या." अकराव्या वर्षी पोरगी पुण्याला गेली. सरांनी आणि त्यांच्या बायकोनं तिला घरच्यासारखं ठेवलं, शाळाही तिथंच. सुट्टीत आली की मला शिकवायची. मी कुठला शिकून घेतोय, पण ती आपली बोलत राहायची. "पप्पा, हे बघा. फळीखाली चाकांचं लोखंड आठ बोल्टांनी आवळलेलं असतंय. उडी मारून खाली येताना पाय बरोबर त्या बोल्टांवर पडले पाहिजेत. लोखंड भार घेतंय. पाय मधी पडला की फळी मोडली म्हणून समजा." हे मात्र मला पटलं. भार कुठं घ्यायचा हे मिस्त्रीला समजावून सांगावं लागत नाही.

चौदाव्या वर्षी ती देशाच्या संघात आली. मलेशियात आशियातल्या मुलींची स्पर्धा होती आणि आपल्याकडून निघालेल्या तीन मुलींत माझी एक. भूमच्या चौकात फ्लेक्स लागला. त्यावर तिचा फोटो लहान आणि शुभेच्छुकांचे मोठे, पण लागला. पहिल्या आठ मुलींत आली तर पुढच्या मोठ्या स्पर्धांचं दार उघडणार होतं, आणि सर म्हणत होते की येईलच. जायच्या आधी दोन दिवस ती घरी आली. नवरात्र चालू होतं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. ज्याचं पोट ज्याच्यावर, ते त्यानं त्या दिवशी धुवून पुसून मांडायचं. माझ्या गॅरेजात पाने, जॅक, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं मशीन, सगळं आधी डिझेलनं आणि मग साबणाच्या पाण्यानं निघतं. त्या दिवशी मायलेकी सकाळच्या एसटीनं तुळजापूरला दर्शनाला गेल्या होत्या. मी एकटाच. पाने घासता घासता मनात आलं, पोरगी आता परदेशात निघाली, तिचं हत्यार तेवढं पूजेवाचून राहायचं का? मी घरात गेलो, कॉटखालची बॅग उघडली आणि बोर्ड बाहेर काढला.

लई प्रेमानं केलं हो सगळं. बोर्डाच्या वरच्या अंगाला पॉलिश पेपरसारखा खरखरीत काळा कागद असतो, त्यात धूळ गच्च बसली होती. ब्रशनं निघेना, म्हणून मी बोर्ड साबणाच्या टबात भिजत घातला. पूजेचं हत्यार म्हणून पाण्यात मूठभर हळद टाकली. पाने होईपर्यंत, म्हणजे दोन तास तरी, तो बुडालेला होता. मग ट्रॅक्टर धुवायच्या प्रेशरच्या पाइपनं दोन्ही अंगांनी मारला, पार बोल्टांच्या भोकांपर्यंत. नंतर पत्र्यावर टाकला. ऑक्टोबरचं ऊन, दुपार टळेपर्यंत वरून खडखडीत वाळला. बोल्टांना तेलाचं बोट लावलं, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. शेजारचे प्रसादाला आले त्यांना मी तो उचलून दाखवला. नव्यासारखा दिसत होता.

सांजच्याला मायलेकी आल्या. तेव्हा गॅरेजात चारपाच जण खोबरं खात बसले होते. बोर्डाच्या गळ्यात माळ बघून पोरगी आधी खळखळून हसली. मग तिनं तो हातात घेतला, बोटानं ठोकून पाहिला, कानाशी धरून परत ठोकला आणि माझ्याकडं बघितलं.

"पप्पा, पाणी तर न्हाय ना लावलं? याला पाणी चालत न्हाय. सात थर चिकटवलेले असतात लाकडाचे."

बस्स. चार माणसांत पोरगी मला शिकवायला लागली. तीस वर्षांचा मिस्त्री मी, आणि याला पाणी चालत नाही हे मला चौदा वर्षांची पोर सांगणार? माझं तोंड तिच्या प्रश्नाच्या आधी तयार होतं. "मला शिकवतीस व्हय गं? नुसती फुलं वाहिली. कापडानं पुसला."

"खरं ना?"

"खरं तर. बापावर इस्वास न्हाय का तुझा?"

होता. तेच तर झालं. तिनं माळ काढली, बोर्ड बॅगेत घातला आणि देवीचा प्रसाद वाटायला लागली. मी तेव्हा एक शब्द बोललो असतो, "व्हय माय, धुतला गं, चुकलं," एवढंच, तर दुसऱ्या दिवशी पुण्यात सरांनी तिला नवी फळी दिली असती. त्यांच्याकडं चारपाच पडलेल्या असायच्या. पायाला सवय व्हायला दोन दिवसही मिळाले असते. ती माणसं निघून गेल्यावरही मी बोलू शकलो असतो. जेवताना तिच्या आईनं मला विचारलं, "गप का आज?" मी म्हणालो, दमलोय. खरं म्हणजे तोवर मी स्वतःला पटवून दिलं होतं की वाळल्यावर लाकडाला काय होतंय. दारं-खिडक्या पावसात भिजतात की!

दसऱ्याच्या सकाळी तिला एसटीत बसवलं. संध्याकाळची वाट न बघता तिच्या हातात आपट्याचं पान दिलं. ती पाया पडली. बोर्डाची बॅग मीच वर ठेवली.

तिकडं पोचल्यावर तिचा फोन आला. "पप्पा, सराव केला. बोर्ड जड लागतोय. आपटला की आवाज बी बसका येतोय." "सर काय म्हणतात?" मी विचारलं. "सर म्हणतात हवा दमट आहे, होतंय तसं. बदलायचा का विचारत होते. पण नव्या फळीला पाय बसायला वेळ लागतो. काय करू?" आता बोला! देवीनं दुसऱ्यांदा माझ्या हातात आणून दिलं होतं. आणि मी काय म्हणालो? "सर म्हणतात तर हवाच असंल. तुझ्या सवयीचा बोर्ड हाय, तोच बरा." तेव्हा कबूल केलं असतं तर पहिलं खोटं उघडं पडलं असतं. एवढ्याचसाठी मी ते म्हणालो. दुसरं काहीही कारण नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी गॅरेजात टीव्ही लावला होता. सकाळची वेळ. पंचवीस-तीस माणसं तरी जमली, कुणी पेढे आणले, कुणी फटाक्याची माळ. नियम साधा होता. प्रत्येक मुलीला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. माझ्या पोरीचं नाव पुकारलं तसं गॅरेज दणाणलं. ती निघाली. पहिल्या दोन उड्या अशा मारल्या की मोबाईलवाला खुर्चीवर चढला. मग पाच पायऱ्यांवरनं उडी होती. ती उडाली, बोर्ड पायाखाली फिरला, पाय त्यावर बसले, आणि खाली टेकताच काड्कन आवाज झाला. टीव्हीतून सुद्धा ऐकू आला. बोर्डाचे दोन तुकडे दोन दिशांना गेले आणि पोरगी गुडघ्यांवर आपटून पुढं घसरत गेली.

कुणीतरी म्हणालं, "अरेरे." मला फक्त तो टब दिसत होता.

नवी फळी चाकांवर आवळायला वेळ नव्हता, म्हणून दुसऱ्या फेरीला तिनं कुठल्यातरी दुसऱ्या देशाच्या मुलीचा बोर्ड मागून घेतला. पहिल्याच उडीला पडली. उठली, परत पडली. मग वेळ संपेपर्यंत तिथंच गुडघे धरून बसून राहिली. शेवटचा नंबर आला. लोक एकेक करून उठले. जाताना एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "नशीब म्हणायचं मिस्त्री, दुसरं काय." मी मान हलवली. नशिबाच्या गळ्यात घालता येत होतं, मग मी ते घातलं.

संध्याकाळी सरांचा फोन. "काका, वाईट वाटून घेऊ नका. बोर्ड तुटतात. पण असा तुटला म्हणजे उतरताना पाय मध्ये पडला. कॅमेरा पाठीमागून होता, नीट दिसत नाही, पण दुसरं कारण नाही. टेन्शन घेतलं तिनं. लहान आहे."

मी म्हणालो, "व्हय सर."

पोरगी घरी आली तेव्हा ते दोन तुकडे बॅगेत होते. ती झोपली असताना, दुपारी, मी ते मागच्या अंगणात नेऊन बघितले. मोडलेल्या जागी थर सुटून वेगळे झाले होते, आणि आतले दोन थर बोल्टांच्या भोकांपासून बोटभर पिवळे होते. सरांनी ते तुकडे पाहिले असतील, पण तो हळदीचा डाग आहे हे ओळखायला आमच्याच घरातला माणूस पाहिजे होता. बोल्टांच्या डोक्यांवर तिच्या बुटाच्या तळव्याचा ठसा अजून होता. रबर घासून उमटलेला, आठही बोल्टांवर. पोरीचा पाय तसूभरही चुकला नव्हता.

मी ते तुकडे अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातले. लाकूड चांगलं होतं, लवकर पेटलं. तिनं विचारलं तेव्हा सांगितलं, भंगारवाल्यानं उचलले वाटतं. "बरं झालं," ती म्हणाली. "मला बघवत नव्हते."

त्यानंतर ती परत पुण्याला गेली, पण आधीची ती पोरगी गेलीच नाही. सर सांगायचे, पायऱ्यांपाशी येते आणि ऐनवेळी पाय खाली टाकून थांबते. बाकी सगळं येतं, उडी येत नाही. सरांनी लई धीर धरला. दीड वर्ष. मग संघातून नाव गेलं आणि दहावीनंतर ती घरी आली. बारावी करून आता इथंच फार्मसीला जाते. घरात हातातून कप निसटला तरी म्हणायची, "माझ्या हातापायाचा भरवसाच न्हाय." हसत म्हणायची. तिची आई पण हसायची. मी उठून गॅरेजात जायचो आणि समोर येईल त्या गिऱ्हाइकावर ओरडायचो. लोक म्हणायला लागले, मिस्त्रीचं वय झालं, चिडका झाला. अरे, चिडका मी आधीपासूनच होतो. आता माझी मलाच शिसारी येत होती, एवढाच फरक.

मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. संघातली एक मुलगी आजारी पडली होती, चाचणी परत होणार होती. "काका, तिच्यासारखे पाय मी परत पाहिले नाहीत. एक महिना द्या मला. विचारा तिला." मी विचारलं. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "नको पप्पा. परदेशात जाऊन परत पाय चुकवायचा आणि सगळ्यांची मान खाली घालायची. एकदा झालं तेवढं पुरे."

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगून टाकलं. टब, हळद, प्रेशरचा पाइप, फोनवरचं बोलणं, बंब. काही शिल्लक ठेवलं नाही. ती ऐकत होती.

"पाय बोल्टावर होता?"

"आठही बोल्टांवर. ठसा होता बुटाचा. म्या बघितला."

"आणि तुम्हाला हे कळलं कधी?"

"तू आलीस त्याच दिवशी."

तिनं बोटांवर मोजत हिशेब केल्यासारखं केलं. "म्हणजे चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं मी स्वतःला शिव्या घालत होते आणि तुम्ही शेजारी बसून जेवत होता." मी हात जोडले. तिनं ते बघितलेच नाहीत. पुस्तक उचललं आणि आत गेली. तिच्या आईनं आतून सगळं ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती मला ताट वाढून देते आणि उठून जाते.

चार दिवस पोरगी माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी, रविवारी, पुण्याहून परत आणलेला जुना बोर्ड काखेत घेऊन दारात उभी राहिली. "कॉलेजवर सोडा मला." मी बुटाचे बंद न बांधताच गाडी काढली. खोटं कशाला बोलू, वाटेत मला आशा वाटायला लागली होती. खरं कळलंय, आता पाय उठेल. महिना आहे हातात. सरांना संध्याकाळी फोन करू. मी मनातल्या मनात देवीला ओटी बोललो सुद्धा.

कॉलेज बंद होतं. इमारतीपुढं चारच पायऱ्या आहेत, आणि वर फरशीचा मोकळा व्हरांडा. ती लांब गेली, बोर्ड टाकला, दोनदा जमिनीला पाय मारून जोर घेतला आणि पायऱ्यांकडं आली. कडेपाशी पाय खाली टेकला. थांबली. परत मागं गेली. परत आली, परत पाय टेकला. मी खालच्या पायरीवर बसून मोजत नव्हतो, पण वीसएक वेळा तरी झालं असेल. घामानं ड्रेस पाठीला चिकटला होता. एकदा तर ती मोठ्यानं ओरडली, "उठ की रे!" आपल्याच पायाला. तेव्हा मला वाटलं आता जाणार. बोर्ड एकटाच पायऱ्यांवरनं खाली उडून माझ्यापाशी येऊन पडला. ती वर उभी होती.

मग खाली येऊन माझ्या शेजारी बसली. दम खाल्ला. रागावलेली नव्हती. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"पप्पा," ती म्हणाली, "पाय बरोबर पडला होता, हे मला आता कळलंय. पायाला कसं कळवू?"

तिनं खिशातून मोबाईल काढला आणि सरांना लावला. दुसऱ्या मुलीला घ्या, म्हणाली. सर कारण विचारत असावेत. मी शेजारीच होतो. मला वाटलं आता सांगेल, आणि सांगावं असंही मला वाटत होतं.

"काही न्हाय सर," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला होता तेच. माझाच पाय चुकला होता."